कप कुणाचा आणि गॅलन कुठला?

वाचक विचारतात, ताई सांगतात

या महिन्याची पत्रं वाचायला घेतली आणि चौथ्या पत्रापर्यंत लक्षात आलं की सगळे एकच विचारतायत. कुणाचा केक फसलाय, कुणाला बाळाच्या बाटलीवरचे आकडे कळेनात, उद्यमनगरातले एक दादा गॅलनवरून मिस्त्रीशी वाद घालून बसलेत. म्हणून बँकेचे आणि रेशन कार्डाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि यावेळी फक्त मापं. मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या ओळीत वाढले, शाळेतून आलं की दप्तर टाकून वडिलांच्या दुकानात धान्य मोजायचं मापटं हातात घ्यायचे, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि उत्तरं जरा लांबतील, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मोबाईलवर एका अमेरिकन बाईंची रेसिपी बघून केक केला. २ कप मैदा, १ कप साखर, १ स्टिक बटर, ३ अंडी, अर्धा कप दूध. सगळं घरातल्या चहाच्या कपानंच मोजलं, तरी केक मधे बसला आणि आतून ओला राहिला. मैत्रीण म्हणते कप २५० एमएलचा असतो, नेटवर २३७ लिहिलंय, आणि एका पाकिटावर २४०. खरा कुठला? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तिन्ही खरे, फक्त तीन ठिकाणचे. अमेरिकेच्या स्वयंपाकघरातला कप २३६.६ एमएलचा, त्याला लोक सरळ २३७ म्हणतात. तिकडच्या खाण्याच्या पाकिटावर कॅलरी-प्रोटीनचा जो तक्ता असतो त्यासाठी त्यांच्याच सरकारनं हिशोबाला सोपा म्हणून कप २४० चा धरलाय. आणि २५० चा मेट्रिक कप, तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा. आपल्याकडं मेजरिंग कपचे जे सेट मिळतात त्यात काहींवर २४० असतं, काहींवर २५०, घेताना बुडाशी कोरलेला आकडा बघून घ्या. २३७ आणि २४० मधला फरक एका छोट्या चमच्याएवढासुद्धा नाही, त्यानं केक बिघडत नाही. २५० चा असेल तर कपामागं जवळजवळ एक मोठा चमचा जास्त पडतो, तेवढा काढून टाकायचा.

तुमचा केक बिघडला तो चहाच्या कपानं. हे लिहिता लिहिता मी माझ्या घरातला चहाचा कप काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि कप काठोकाठ पाण्यानं भरला, तर १४० ग्रॅम पाणी मावलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक एमएल, म्हणजे कप १४० चा. तुमचाही साधारण तेवढाच असेल तर दोन कप मैदा म्हणून तुम्ही २८० एमएल घातला आणि रेसिपीला हवा होता ४७३. आता तुम्ही म्हणाल सगळंच त्या कपानं मोजलं की, मग प्रमाण कसं चुकलं. शिऱ्याला, उपम्याला, खिरीला हे बरोबर आहे, एका वाटीला दोन वाट्या पाणी म्हटलं की वाटी कुठलीही चालते, आपल्या आया-आज्यांचा सगळा स्वयंपाक याच सूत्रावर चालला. पण या केकमधे अंडी मोजून तीन होती आणि बटर स्टिकनं होतं. मैदा, साखर, दूध निम्म्याच्या थोडं वर आलं आणि अंडी-बटर मात्र पूर्ण पडलं, मग तो बसणारच. स्टिक म्हणजे अर्धा कप बटर, ११३ ग्रॅम. आपल्याकडचं १०० ग्रॅमचं पाकीट आणि वर एक मोठा चमचा घेतला की झालं.

अजून एक गोष्ट, जी रेसिपीत कुणी लिहीत नाही. आमच्या दुकानात जुनी गिऱ्हाइकं मापावर शीग मागायची, म्हणजे काठाच्या वर धान्याचा जो ढीग उभा राहतो तो, आणि शीग ढळू न देता माप पिशवीत रिकामं करणं हे वडिलांच्या हाताचं कसब होतं. 'आनंद शिगेला पोचला' म्हणतो ना आपण, ती हीच शीग. अमेरिकन कपाला शीग चालत नाही. मैदा चमच्यानं हलकेच कपात सोडायचा, दाबायचा नाही, ठोकायचा नाही, आणि सुरीच्या पाठीनं वरून सपाट करायचा. असा भरलेला कप १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून गच्च भरून काढला तर दीडशेपर्यंत सहज जातो, आणि दोन कपांत एवढा फरक पडला की केकची वीट होते. साखर दाबली जात नाही म्हणून ती २०० ग्रॅम धरा, बटरचा पूर्ण कप २२७ ग्रॅम. काटा असेल तर ग्रॅमवरच जा, मी तेच करते.

चमचे सोपे आहेत. टीस्पून ५ एमएल, टेबलस्पून १५, तीन छोटे म्हणजे एक मोठा. ऑस्ट्रेलियाची रेसिपी असेल तर तिथला टेबलस्पून २० एमएलचा असतो, तेवढं बघा. राईस कुकरसोबत जो प्लॅस्टिकचा कप येतो तो जपानी मापाचा, बहुतेक १८० एमएलचा, तो केकला घेऊ नका. आणि ओव्हनला ३५० लिहिलंय ते फॅरनहाइट, आपल्याकडं १७५ ते १८० वर ठेवा.

हे सगळं पाठ कसं करायचं असं वाटत असेल तर एक सांगते, मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आपली जुनी मापं आठवा. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशेरी, दोन अडशेऱ्या म्हणजे पायली. प्रत्येक पायरी दुप्पट. अमेरिकेचं अगदी तसंच आहे! दोन टेबलस्पून म्हणजे एक फ्लुइड औंस, दोन औंस म्हणजे पाव कप, मग अर्धा कप, मग कप, दोन कप म्हणजे पिंट, दोन पिंट म्हणजे क्वार्ट, दोन क्वार्ट म्हणजे अर्धा गॅलन, आणि दोन अर्धे म्हणजे गॅलन. टेबलस्पूनपासून आठ वेळा दुप्पट केलं की गॅलन. बाजारात ज्याला भागाकार येत नाही त्यालाही निम्मं करता येतं, दोन भांडी समान भरली की झालं, म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी मापं अशी निम्म्या-निम्म्यानं घडली. तुम्ही फक्त एक आकडा लक्षात ठेवा, औंस म्हणजे जवळजवळ ३० एमएल, बाकी सगळं दुपटीनं आपोआप येतं. नेमकं हवं असेल तर औंस २९.५७, पिंट ४७३, क्वार्ट ९४६ एमएल आणि गॅलन ३.७८५ लिटर.

प्रश्न : लेक अमेरिकेतनं बाळाला घेऊन आलीया. तिकडच्या बाटलीवर एका अंगाला १, २, ३, ४ असं लिवलंय आणि दुसऱ्या अंगाला ३०, ६०, ९०. तिकडचा पावडरचा डबा संपत आला म्हणून जावयांनी इथला डबा आणला, आता लेक म्हणते चमचे बदलणार, मला तर काईच उमगंना. औषधाचा चमचा म्हंजे कुठला त्ये पण सांगा. (एक आजी, मंगळवार पेठ)

उत्तर : आजी, तुमची लेक बरोबर बोलतेय आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत.

बाटलीवरचे १, २, ३, ४ हे औंस आहेत आणि ३०, ६०, ९० हे एमएल. ४ औंस म्हणजे ११८, बाटलीवर ते १२० धरतात, तेवढं बाळाला चालतं. बाटली सपाट ओट्यावर ठेवा, डोळे रेघेच्या उंचीला आणा आणि मग रेघ बघा, हातात तिरकी धरून बघितली की दहा-पंधरा एमएलचा फरक सहज पडतो. आणि घरात सगळ्यांनी एकच बाजू वाचायची असं आजच ठरवून टाका, मी म्हणेन एमएलची. रात्री दोन वाजता एकानं औंस वाचले आणि दुसऱ्यानं एमएल, असं नको.

आता चमचा, तो सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या पावडरच्या डब्यांत साधारण २ औंस, म्हणजे ६० एमएल पाण्याला एक स्कूप असतो. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर ३० एमएलला एक स्कूप लिहिलेलं असतं. दोन्ही स्कूप दिसायला सारखेच वाटले तरी मावतं वेगळं. अमेरिकेचा मोठा स्कूप घेऊन इथल्या डब्यावरच्या हिशोबानं घातला तर दूध घट्ट होईल, बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि अंगातलं पाणी कमी पडतं. उलटं झालं तर दूध पातळ, बाळ पोटभर पिऊनही उपाशी. म्हणून ज्या डब्याची पावडर त्याच डब्यातला स्कूप, त्याच डब्यावरचं प्रमाण. आधी बाटलीत पाणी मोजायचं, मग पावडर, पावडर घालून वरून रेघेपर्यंत पाणी भरायचं नाही. जुना डबा संपला की त्यातला स्कूप त्याच दिवशी कचऱ्यात टाका, तो घरात राहिला की कधीतरी हाताला लागतोच. डबा बदलताना एकदा बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

औषधाचं म्हणाल तर टीस्पून म्हणजे ५ एमएल आणि टेबलस्पून म्हणजे १५, तिप्पट, आणि इंग्रजीत थोडक्यात लिहिताना (tsp आणि tbsp) दोन्हींत एका अक्षराचा फरक राहतो. याच घोटाळ्यामुळं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की मुलांचं पातळ औषध फक्त एमएलमधे लिहायचं, चमचा हा शब्दच नको. घरातला पोह्याचा चमचा, चहाचा चमचा, आमटीचा डाव, यातलं काहीच औषधाला वापरू नका. बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा केमिस्टकडं मिळणारी सुई नसलेली सिरिंज, बस.

प्रश्न : मॅडम, आम्ही एक सेकंडहँड अमेरिकन हायड्रॉलिक प्रेस घेतलाय. मॅन्युअलमधे ऑईल टँक ४० गॅलन लिहिलंय. मुलाच्या मोबाईलवर १५१ लिटर येतंय, आमचे जुने मिस्त्री म्हणतात गुणिले साडेचार कर, १८० लिटर. तीस लिटर ऑईलचा प्रश्न आहे, कुणाचं ऐकू? (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : दादा, मशीन अमेरिकेत बनलंय ना, मग मुलाचं ऐका, १५१.४ लिटर. पण मिस्त्रींना चूक म्हणू नका, त्यांचा साडेचारचा आकडाही खरा आहे, तो विलायती गॅलनचा, ४.५४६ लिटर.

झालं असं की १७०७ च्या सुमाराला इंग्लंडात राणी ॲनच्या काळात दारू मोजायचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरवला गेला. पुढं अमेरिका वेगळी झाली आणि तिनं तोच गॅलन धरून ठेवला. इंग्लंडनं मात्र १८२४ मध्ये कायदा करून नवा गॅलन आणला, ठरलेल्या तापमानाचं दहा पौंड पाणी जेवढ्यात मावतं तेवढा. तो आला साधारण २७७ घन इंचांचा. म्हणजे नाव एकच, आणि इंग्लंडचा गॅलन अमेरिकेच्या गॅलनपेक्षा पाचव्या हिश्श्यानं मोठा. आपल्यावर राज्य इंग्रजांचं, त्यामुळं आपल्याकडं पेट्रोलला वगैरे जो गॅलन चालायचा तो विलायती. १९५६ च्या कायद्यानं आपण मेट्रिक मापं स्वीकारली, १९५७ मध्ये नवे पैसे आले, लिटर-किलो हळूहळू रुळले, पण ज्या वर्कशॉपमधे जुने मिस्त्री शिकले तिथली मशिनं विलायतची होती आणि त्यांना साडेचार शिकवलं गेलं. त्या मशिनांना ते बरोबरच होतं.

तुमच्या प्रेसमधे १८० लिटर ओतलं असतं तर जवळपास तीस लिटर जास्त झालं असतं, आणि टँकमधे वरची मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, ऑईल तापून फुगतं, सिलिंडर आत आला की परत येतं, तेव्हा ते ब्रीदरमधून, म्हणजे टँकच्या हवा खेळायच्या तोंडातून, बाहेर यायला लागलं असतं. म्हणून मशीनची पाटी बघायची सवय लावा. अमेरिकेत बनलेलं असेल तर गुणिले ३.७८५, इंग्लंडचं जुनं असेल तर ४.५४६. पंपावर जीपीएम, म्हणजे मिनिटाला किती गॅलन, लिहिलेलं असतं तेही असंच, अमेरिकन १० जीपीएम म्हणजे मिनिटाला ३७.८५ लिटर. आणि आकडेमोड कितीही बरोबर असली तरी शेवटी टँकच्या साईट ग्लासवरची (ऑईलची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची) वरची रेघ गाठली की थांबायचं, कारण तळाशी जुनं ऑईल किती राहिलंय ते कुठल्याच मॅन्युअलमधे लिहिलेलं नसतं.

ऑईलचा जो मोठा लोखंडी ड्रम तुमच्या दारात उभा असतो तो ५५ अमेरिकन गॅलनचा, २०८ लिटर. आणि बातम्यांत कच्च्या तेलाचा बॅरल म्हणतात तो वेगळा, ४२ गॅलनचा, १५९ लिटर. ड्रमला आपण बॅरल म्हणतो म्हणून गोंधळ होतो एवढंच.

प्रश्न : पाण्याच्या आरओ मशीनचा मेकॅनिक म्हणाला मेंब्रेन ७५ जीपीडीचा टाकलाय. म्हणजे काय? (ताराबाई पार्क)

उत्तर : दिवसाला ७५ गॅलन, अमेरिकन गॅलन. म्हणजे चोवीस तास अखंड चाललं तर २८४ लिटर, तासाला पावणेबारा-बारा. हा आकडा कारखान्यात २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर, ठरलेल्या दाबाला काढलेला असतो, आपल्या थंडीत पाणी गार असतं तेव्हा ते कमीच येतं, मशीन बिघडलं असं समजू नका. १०० जीपीडी म्हणजे तासाला पावणेसोळा.

प्रश्न : ताई, मोबाईलवर शिकागोचा सोयाबीनचा भाव रोज बघतो, तो बुशेलला असतो. नेटवर बुशेल म्हणजे ३५ लिटर येतंय. आमचं सोयाबीन क्विंटलवर जातंय, लिटरचा क्विंटल करायचा कसा? (एक शेतकरी, कागल तालुका)

उत्तर : भाऊ, लिटरच्या वाटेला जाऊच नका. बुशेल हे मूळचं मापच, म्हणजे भांडं, ३५.२४ लिटरचं, आपल्या पायलीसारखं. पण पायलीचा अनुभव तुम्हाला आहेच, भाताची पायली, जोंधळ्याची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली तिन्ही काट्यावर टाकल्या तर वजन तीन. धान्य ओलं असलं, बारीक असलं, माप हलवून भरलं, तरी वजन बदलतं. तिकडच्या बाजारातही हीच भांडणं होती, म्हणून त्यांनी प्रत्येक धान्याच्या बुशेलचं वजन ठरवून टाकलं. सोयाबीनचा आणि गव्हाचा बुशेल ६० पौंडांचा, म्हणजे २७.२२ किलो. मक्याचा ५६ पौंड, २५.४ किलो. आता तिथं भांडं कुणी बघतही नाही, नाव तेवढं राहिलंय.

म्हणजे एका क्विंटल सोयाबीनमधे ३.६७ बुशेल. भाव सेंटमधे लिहिलेला असतो हे विसरू नका, समजा १००० दिसलं तर ते दहा डॉलर बुशेलला, म्हणजे क्विंटलला पावणेसदतीस डॉलर, मग त्या दिवशीच्या डॉलरच्या भावानं गुणा. आणि तो भाव आपल्या मार्केट यार्डात मिळणार असं धरून माल अडवून ठेवू नका, ओलावा, वाहतूक, आयात शुल्क, तेल-पेंडीची मागणी असं बरंच मधे असतं. कल कुठं चाललाय एवढं समजायला तो चांगला.

माप आणि वजन यांची गल्लत किती महागात पडते त्याचा एक खरा किस्सा. जुलै १९८३ मध्ये कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानाचं इंधन उंच हवेत संपलं, दोन्ही इंजिनं बंद. कॅनडा तेव्हा नुकताच मेट्रिककडं वळत होता. टाकीत इंधन लिटरनं मोजलं आणि त्याचे किलो करताना ०.८ नं गुणायचं ते जुन्या सवयीनं १.७७ नं गुणलं, तो आकडा पौंडांचा. म्हणजे हिशोबात जेवढे किलो दिसत होते त्याच्या निम्म्याहून कमीच टाक्यांत होते. वैमानिकाला ग्लायडर उडवायची सवय होती, त्यानं ते अवाढव्य विमान तरंगत तरंगत गिमली नावाच्या गावातल्या जुन्या विमानतळावर उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार कुणाचाच चुकला नव्हता. कशाला गुणतोय हे विचारायचं राहिलं होतं.

प्रश्न : मी एमपीएससी करतोय. पावसाळ्यात पेपरात राधानगरीचा साठा कधी टीएमसी, कधी दलघमी आणि विसर्ग क्युसेकमधे येतो. यातही अमेरिकेचा फूट वेगळा, इंग्लंडचा वेगळा असं काही असतं का? (शिवाजी पेठ)

उत्तर : नाही रे बाळा, इथं सुटलास. फूट म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर हे १९५९ मध्ये दोन्ही देशांनी एकत्र बसून पक्कं केलंय, त्यामुळं घनफूट कुठलाही घे, २८.३२ लिटर. घराच्या हौदालाही हेच, लांबी-रुंदी-उंची फुटात मोजून गुणायची आणि २८.३२ नं गुणायचं, ४ बाय ५ बाय ६ चा हौद म्हणजे ३४०० लिटरला थोडा कमी.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. त्याचे २८.३२ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि लिटर केले तर २,८३२ कोटी. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी, तेच पेपरात २३६ पूर्णांक काहीतरी दलघमी असं दिसतं, दोन्ही एकच.

आता क्युसेक. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक अशी बातमी येते, ती आपण लहानपणापासून ऐकतोय, पण तिचे लिटर करून बघ. सेकंदाला ४०,४०० लिटर, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर प्रत्येक सेकंदाला, आणि असे सात दरवाजे. मी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा वही तशीच मांडीवर ठेवून बसले होते. परीक्षेला उपयोगी पडेल असं एक सांगते, ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तर एक टीएमसीला थोडं कमी पाणी खाली येतं. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटात सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, ती नुसती उंची आहे, तिचे क्युसेक किंवा लिटर करायला जाऊ नकोस, नदीचं पात्र रुंद होईल तसं एका फुटामागं पाणी कितीतरी वाढत जातं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे, म्हणतो गाडी ३० चं ॲव्हरेज देते. आमची तर वीसच देते. (रुईकर कॉलनी)

उत्तर : त्याचं ३० म्हणजे गॅलनला ३० मैल. ०.४२५ नं गुणा, लिटरला पावणेतेरा किलोमीटर. तुमचीच गाडी जास्त देते.

प्रश्न : ताई, घर आवरताना पणजोबांचं पितळी मापटं सापडलं. काठाला पट्टी आहे, एका बाजूला चेपलंय. यात किती एमएल बसतं? (गडहिंग्लज)

उत्तर : ते मोडीत घालू नका, आधीच सांगते. आमच्या दुकानातल्या मापट्याचाही एका बाजूचा काठ असाच झिजून पातळ झाला होता, वडील त्याच बाजूनं लाकडी पट्टी ओढून माप सपाट करायचे, वर्षानुवर्षं एकाच बाजूनं, त्यांच्या उजव्या हातानं. बोट फिरवलं की कळायचं.

किती बसतं हे कागदावरून सांगता येणार नाही, कारण पायली सगळीकडं एक नव्हती, या पेठेची त्या पेठेला जुळायची नाही. पण तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. मापटं कोरडं पुसून काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठापर्यंत पाणी भरा, पाणी काठावर थोडं फुगून दिसेल तेवढं बोटानं काढा. जेवढे ग्रॅम तेवढे एमएल. चेपलंय म्हणून मूळ मापापेक्षा थोडं कमी भरेल, ठोकून सरळ करायला जाऊ नका. आकडा आणि गावाचं नाव मला पत्रात कळवा, आणि ज्यांच्या माळ्यावर अशी शेर, चिपटी, कोळवी पडली असतील त्यांनीही मोजून कळवा, पुढच्या अंकात गावावार छापते.